शाकारणीचे नऊ हजार

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैशाचं नियोजन म्हणतात ते सबंध पोलादपुरात कुणाला जमत असेल, तर ते मला, भागोजी उतेकरला. निदान १९९८च्या मे महिन्यापर्यंत माझं असं ठाम मत होतं.

मी हायस्कुलात हेडक्लार्क. शाळेच्या वह्या मी अशा ठेवायचो की तपासायला आलेले ऑडिटर अर्ध्या तासात चहा मागायचे. एका ऑडिटरसाहेबांनी तर जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उतेकर, तुमच्या घरचा हिशोबही असाच असेल." तो नव्हता. घरी पगार यायचा आणि वीस तारखेला तो कुठे गेला याचा शोध लागायचा नाही. साहेबांचं वाक्य मनाला लागलं आणि एक जानेवारी शहाण्णवपासून मी घराचं ऑफिस करून टाकलं.

शाळेतून सात खाकी पाकिटं आणली. किराणा, दूध, वीज, शिक्षण, औषधपाणी, सणवार आणि घर-शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी. पगाराच्या दिवशी पैसे पाकिटांत, पाकिटं लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा ती माझ्याबरोबर असायची. नियम एकच: चिठ्ठी दिल्याशिवाय पैसा नाही.

आमची मंडळी, म्हणजे आवडी, हिने पहिल्या दिवशी चिठ्ठी दिली. "हिंग, तीन रुपये."

मी शेरा मारला, "कारण नमूद करावे."

तिने खाली लिहिलं, "आमटी."

मुलगी अक्षदा तेव्हा चौथीत. तिने खोडरबर मागितलं, मी "आधी जुन्याचा शोध घ्यावा" असा शेरा मारून चिठ्ठी परत केली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त. दोन वर्षांत सगळी पाकिटं गुण्यागोविंदाने नांदायला लागली आणि घर-शाकारणीचं पाकीट तर पोट सुटल्यासारखं फुगलं. त्यात नऊ हजार रुपये जमले.

या नऊ हजारांची आम्हाला किती गरज होती ते सांगायला हवं. घरावर नळीची जुनी कौलं होती. वर्षभर वानरं त्यावरून उड्या मारायची, आणि आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात आम्ही घरात अकरा ठिकाणी भांडी लावून झोपत होतो. अक्षदाची पुस्तकं भिजली. आवडी रात्रभर भांडी रिकामी करत बसायची, त्यात तिला ताप भरला आणि तो पंधरा दिवस उतरला नाही. तेव्हा तिने हात जोडून सांगितलं होतं, "पुढल्या पावसाच्या आत डोक्यावर मंगलोरी कौलं पायजेत. मला दुसरं काय नको."

मी शब्द दिला. आणि मग जानेवारीत महाडला एक टाय लावलेला माणूस भेटला.

तो एका सागवान कंपनीचा माणूस होता. त्याच्याकडे रंगीत पुस्तक होतं, त्यात नुसती सागाची झाडं. आज नऊ हजार भरा, झाडं तुमच्या नावाची. तीन महिन्यांनी पहिला हप्ता पंधराशेचा, मग दर तीन महिन्यांनी तेवढाच, आणि वीस वर्षांनी झाड कापलं की लाखात रक्कम. मला वाटलं, मेपर्यंत पैसे नुसते पाकिटात झोपून राहणार. हप्ता हातात पडला की मुद्दल काढून घेऊ कौलं तर घालूच, वर पन्हाळसुद्धा बसवू. शाळेच्या कामाला गेलेला मी पैसे भरून आणि सर्टिफिकेट घेऊन परत आलो. घरात कुणाला सांगितलं नाही. चिठ्ठीही लिहिली नाही.

एप्रिलमध्ये हप्ता आणायला गेलो तर ऑफिसचं शटर खाली. शेजारच्या चहावाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "तुमी आज सातवे. सायेब लोक झाडं बघायला गेलेत."

"कधी येणार?"

"सामान घेऊन गेलेत," तो म्हणाला आणि ग्लास विसळायला लागला.

त्या दिवशी घरी येऊन मी पहिलं काम केलं ते हे: शाळेच्या रद्दीतल्या सातवीच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिका नोटेच्या मापाने दुमडल्या, शाकारणीच्या पाकिटात भरल्या आणि पाकीट पुन्हा गुबगुबीत केलं. ज्याच्या वहीत दोन वर्षांत पाच पैशांची खाडाखोड नव्हती, त्या माणसाने हे केलं.

आणि तेव्हापासून मला शांत झोप म्हणून लागली नाही. आकाशात ढग दिसला की मी करगोट्याची किल्ली चाचपायचो. आवडीने तर फेब्रुवारीतच अझीमभाईंना सांगून ठेवलं होतं. अझीमभाई म्हणजे महाडचे ट्रकवाले. स्वतः माल आणून घरपोच टाकायचे. अठराशे मंगलोरी कौलं, भाड्यासकट नऊ हजार, रोख. माल टाकायचा दिवस ठरला रविवार, दहा मे, दुपारी चार.

मेच्या पहिल्या आठवड्यात आवडी म्हणाली, "अहो, शाकारणीचं पाकीट येकदा मोजून ठेवा. अझीमभाई उधारी ठेवत नाय."

"मोजलेलंच आहे," मी म्हणालो.

"किती हाय?"

"असायला हवेत तेवढे."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मग बरं हाय," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आता मला एकच आधार होता. त्याचं नाव भिशी.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी कचेरीजवळ बसून लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचो. त्या पैशांची नोंद आमच्या घरच्या वहीत नव्हती. खर्चाचा हिशोब घरच्यांनी द्यायचा, जमेचा मी कशाला द्यायचा, असं माझं धोरण. त्यातून महिन्याला सहाशे रुपये मी महाडला महिपतीच्या भिशीत टाकत होतो. महिपतीचं कापडाचं दुकान. वीस नंबर, प्रत्येकी सहाशे, महिन्याला बारा हजार जमायचे. ज्याला उचलायचे असतील त्याने बोली लावायची. "मी तीनशे सोडले," "मी चारशे सोडले," असं. जो सगळ्यात जास्त सोडेल त्याला उरलेली रक्कम जागेवर रोख, आणि सोडलेले पैसे वीस नंबरांत सारखे वाटायचे. पाचशे-सहाशेच्या वर बोली कधी जात नसे. मेची बोली होती दहा तारखेला, सकाळी अकरा वाजता.

मी गणित मांडलं. सहाशे सोडायचे, अकरा हजार चारशे घ्यायचे, दुपारच्या गाडीने परतायचं, प्रश्नपत्रिका बाहेर, नोटा आत. चारला अझीमभाई. कुणाला कळणारही नाही. टायपिंगचे सोळाशे रुपये साठले होते, ते अडीअडचणीला खिशात घेतले. आवडीला सांगितलं, "शाळेच्या कामासाठी महाडला जाऊन येतो."

"रविवारी?"

"निकालाचं काम आहे."

"जावा. चारच्या आत या."

दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर दहा-बारा माणसं बसली होती. तुडील गावचे एक काका, नाते गावचा शिंपी, वडापच्या जीप चालवणारे दोन वडापवाले. आणि कोपऱ्यात, पाटी बाजूला ठेवून, येसूबाई.

येसूबाईला बघून मी उंबऱ्यातच थांबलो. ती आमच्या आळीतली, चार घरं सोडून राहणारी. साठीची बाई. महाडहून सुकट-बोंबील नेऊन पोलादपुरात विकायची आणि पोलादपूरचे पापड-लोणची महाडात आणायची. तिचे भिशीत दोन नंबर होते, एक तिने दिवाळीतच उचलला होता. पण ती हप्ता पाठवून द्यायची, बोलीला कधी येत नसे. आज नेमकी आली होती.

तीही मला बघून दचकली. पदर सावरत म्हणाली, "भाऊ, तुमी हितं?"

"सहज आलो. घरी बोलू नका," मी हळूच म्हणालो.

"आता काय बोलू," ती म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला. मला तेव्हा वाटलं तिचं डोकं दुखतंय.

महिपतीने बोली सुरू केली. तुडीलचे काका म्हणाले तीनशे. शिंप्याने चारशे केले. एक वडापवाला पाचशेवर गेला. मी जरा थांबून, रुबाबात, म्हणालो, "सहाशे."

महिपतीने वही उघडली. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "सातशे."

येसूबाई.

मी म्हणालो, "आठशे."

"नऊशे."

"हजार."

"अकराशे," ती म्हणाली. मग माझ्याकडे झुकून, हळूच, "भाऊ, सोडा. तुमी नका बोलू."

मला राग आला. मी का नको बोलू? मी नंबर भरलाय. म्हणालो, "दीड हजार."

सगळी माणसं सरसावून बसली. सोडलेल्या पैशांत प्रत्येकाचा वाटा, त्यामुळे आमच्या प्रत्येक बोलीगणिक त्यांचे चेहरे खुलत होते. शिंप्याने तर पानाचा डबा उघडून सगळ्यांपुढे फिरवला.

"सोळाशे," येसूबाई म्हणाली.

मी मनात आकडे मांडत होतो. मला नऊ हजार हवेत. बारातून नऊ गेले तीन. तीन हजारांपर्यंत जाता येईल. या बाईला एवढे पैसे कशाला हवेत? तिला ना मूल ना बाळ. घरावर पत्रे आहेत, तेही मागच्याच वर्षी टाकलेले. दोन हजार झाले. अडीच झाले. तीन हजार मीच म्हणालो आणि माझा शर्ट पाठीला चिकटला.

"येकतीसशे," ती म्हणाली. आवाज रडवेला, पण आकडा ठाम.

मी हात वर केला. "महिपतीशेठ, दोन मिनिटं. मला यांच्याशी बोलायचंय."

आम्ही दुकानाच्या मागच्या पायरीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं.

"येसूबाई," मी म्हणालो, "मला पैशांची फार गरज आहे. तुमच्या पाया पडतो."

"कशाला पायजेत?"

आता काय सांगणार? ही बाई दुपारी आवडीच्या ओट्यावर बसून चहा पिते. "घरची नड आहे," मी म्हणालो.

"मलाबी घरचीच नड हाय."

"तुमच्या घरी कोण आहे?"

"माज्या घरची नाय," ती म्हणाली आणि जीभ चावली.

"मग कुणाच्या?"

"तसा मी शबूद दिलाय, सांगता नाय येत." मग तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. "भाऊ, मी तुमच्या आयशीच्या वयाची. माजं ऐका. तुमी आता गप घरला जावा. तुमच्याच भल्याचं हाय."

"माझ्या भल्याचं असेल तर तुम्ही गप बसा."

"आणि तुमी पैशे नेऊन परत कुटल्या झाडाबिडाला लावलेत तर?"

हे वाक्य तिने म्हटलं. अगदी असंच म्हटलं. शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं. माझ्या डोक्यात मात्र फक्त एकतीसशे हा आकडा घोंघावत होता. मला वाटलं, ही काहीतरी खेडवळ बोलतेय. मी तरातरा आत गेलो आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "साडेतीन हजार."

छत्तीसशे. सदतीसशे. खोलीत पंख्याची घरघर आणि आम्हा दोघांचे आवाज, बस्स. माझ्या खिशात सोळाशे होते. बारा हजारांतून चार हजार सहाशे सोडले तर सात हजार चारशे, त्यात सोळाशे घातले की बरोबर नऊ. तिथे माझी शेवटची वेस. चार हजार. एक्केचाळीसशे. येसूबाई प्रत्येक आकड्याआधी माझ्याकडे असं बघायची, की मीच तिच्या गळ्यावर सुरी धरलीय. चार हजार चारशे. चार हजार पाचशे.

"चार हजार सहाशे," मी म्हणालो. माझा आवाज शाळेतल्या फुटक्या घंटेसारखा निघाला.

येसूबाईने डोळे मिटले. मला वाटलं, संपली.

"चार हजार सातशे," ती म्हणाली.

महिपतीने माझ्याकडे बघितलं. "साहेब?"

मी मान हलवली. दुसरं काही हलत नव्हतं. महिपतीने तीनदा विचारलं आणि वही मिटली. येसूबाईने सात हजार तीनशे मोजून कमरेच्या पिशवीत खोचले आणि घाईघाईने पाटी डोक्यावर घेतली. दारातून जाताना माझ्यापाशी थांबली. काहीतरी बोलणार होती. मी तोंड फिरवलं. महिपती हाक मारत होता, "साहेब, तुमचा वाटा तरी घेऊन जा." मी थांबलो नाही. पराभवाचा वाटा काय घ्यायचा?

साडेबारा वाजले होते. आता एकच मार्ग उरला होता. अझीमभाईंना गाठायचं, सोळाशे हातावर ठेवायचे आणि बाकीच्यासाठी महिनाभराची मुदत मागायची. त्यांच्या अड्ड्यावर गेलो तर तिथे फक्त त्यांचे भाऊ इम्रान, पावतीपुस्तक घेऊन बसलेले.

"अझीमभाई?"

"पोलादपूरला निघाले की. उतेकर म्हणून कोण हायत, त्यांची कौलं."

"मीच उतेकर. पण गाडी चारला यायची होती ना?"

"वरचा एक माल कॅन्सल झाला, म्हणून लवकर काढली. आताच गेली, पंधरा मिनिटं झाली."

मी स्टँडकडे धावलो. पोलादपूरची एसटी नुकतीच सुटलेली. ती येसूबाईने गाठली असणार. जीपमध्ये चौदा माणसं होती, पंधरावा मी, मागच्या फळीवर उभा, एका हाताने कॅरियर धरून. महामार्गावर अर्ध्या वाटेत लांबवर कौलांचा ट्रक दिसला. लाल कौलांची रास उन्हात चमकत होती. मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "त्या ट्रकला गाठा."

तो म्हणाला, "साहेब, पंधरा माणसं घेऊन चढावर ही जीप चालत्या माणसालाबी गाठायची नाय."

ट्रक वळणाआड गेला. मी फळीवर लटकत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. आवडी, जरा बस. आवडी, चूक माणसाच्याच हातून होते. कितीही जुळवलं तरी पुढचं वाक्य "सागवान" या शब्दापाशी येऊन अडकत होतं. डोळ्यापुढे दिसत होतं ते हे: अझीमभाई हात पुढे करून उभे, आवडी कपाटापुढे, सगळी आळी जमलेली, आणि पाकिटातून बाहेर पडणारा भूगोल. अपमानाचं एक वेळ सोडा. पण महिन्याभरात पाऊस येणार होता, आणि तिने हात जोडून एकच गोष्ट मागितली होती.

वाटेत माणसं उतरवत-चढवत जीप एकदाची स्टँडवर थांबली. मी पळत घर गाठलं. अंगणात ट्रक उभा होता. दोन गडी कौलं उतरवत होते, अर्धी रास भिंतीला लागलीही होती. आवडी हातात कागद घेऊन मोजत होती.

"फुटकी अकरा निघाली," ती मला म्हणाली. "अझीमभाई बदलून देणार हायत."

मी अझीमभाईंकडे वळलो. "भाई, पैशांचं जरा..."

"पोचले ना साहेब," ते म्हणाले. "वहिनींनी आल्या आल्या मोजून दिले. नऊ हजार. तुमच्यासारखं गिऱ्हाईक पायजे बघा, शब्दाचं पक्कं."

ओट्यावर येसूबाई बशीतून चहा पीत होती. तिने बशीतून डोळे वर काढले नाहीत.

घरात गेलो. करगोट्याची किल्ली काढून कपाट उघडलं. शाकारणीचं पाकीट जागेवर, तसंच फुगलेलं. उघडलं. सातवीचा भूगोल. मी एकेक कागद सरळ करून बघितला, न जाणो मध्ये एखादी नोट असेल.

"काय बघताय?" मागे दारात आवडी उभी होती.

"पैसे... कुठून दिलेस?"

"पाकिटातनं."

"पाकिटात तर..." आणि मी थांबलो. कारण पाकिटात काय आहे हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"पाकिटात भूगोल हाय," ती म्हणाली. "शिमग्याच्या नंतर कधीतरी आला असंल. मी वाचला. 'सह्याद्रीच्या रांगांत पाऊस जास्त का पडतो ते सांगा,' असा येक प्रश्न हाय त्यात."

"पण किल्ली माझ्याकडे असते."

"कपाटाला दोन किल्ल्या असतात. दुकानदार दोन देतो. येक तुमी घेतलीत, दुसरी अकरा वर्सं माज्याकडं हाय."

मी पलंगावर बसलो. मग सगळं सांगितलं. टायवाला, रंगीत पुस्तक, शटर, चहावाला. जीपवर जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. ती ऐकत उभी होती. शेवटी म्हणाली, "सर्टिफिकेट तुमच्या कोटाच्या अस्तरात हाय ना? कोट धुवायला काढला तवा भेटलं."

"तेव्हाच का बोलली नाहीस?"

"तुमीच बोलाल असं वाटत होतं. रोज वाटत होतं." तिने कपाटाचं दार लोटलं. "मग तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, हा माणूस आधीच अर्धा झालाय. गपचूप पैसे परत ठेवू, म्हणजे त्यालाच वाटेल आपण मोजायला चुकलो."

खरं सांगतो, त्या वेळी मी मान खाली घालून बसलो होतो ते डोळे पुसता यावेत म्हणून.

"पण एवढे पैसे आणलेस कुठून?"

"मी नाचणीचे पापड करते, लोणची करते, ती येसूबाई महाडला विकते. तुमी शाळेत असता तवा. त्याची तिच्या नावावर भिशी लावली होती. तिचा दुसरा नंबर माजाच. आज तिला म्हटलं, काय बी कर, कितीबी सोड, पण पैसे घेऊनच ये, चारला गाडी हाय. सात हजार तीनशे तिने आणले, सतराशे माज्याकडं होते."

सात हजार तीनशे. मी दाराकडे बघितलं. येसूबाई आता रिकाम्या बशीत काहीतरी शोधत होती.

आवडीचा आवाज चढला. "सातशे-आठशेत काम व्हायचं. पण तिथं म्हणे कोण येक माणूस बसला होता, त्यानं हट्टानं बोली चढवत नेली. चार हजार सातशे सोडायला लागले हिला. गरिबाचे पैसे खाऊन त्याला काय मिळालं कोण जाणे. कोण होता गो तो, येसूबाई?"

येसूबाई ओट्यावरून म्हणाली, "होता येक. घरचा चांगला वाटत होता. पण समजावून समजंना त्याला."

"तोंड तरी बघितलंस का त्याचं?"

"बघितलं ना," येसूबाई म्हणाली आणि उठून घरी गेली.

मी सांगायला हवं होतं. तीच वेळ होती. सगळं कबूल करून झालेलं, आणि तिने माफही केलेलं. पण बाहेरून अझीमभाईंनी पावती घ्यायला हाक मारली, आणि मी आयुष्यात कधी कुणाच्या हाकेला गेलो नाही इतक्या चपळाईने गेलो.

आठवड्याभरात सुतार आले, वासे बदलले, नव्या रिपा ठोकल्या आणि कौलं चढली. घर असं दिसायला लागलं की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. आवडी खूश होती. दोघं-तिघं शेजारी म्हणालेही, "उतेकरांचं नियोजन म्हणजे नियोजन." मी मान डोलावली. त्या बोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या रविवारी सकाळी ओट्यावर बसलो होतो. आवडी शेजारी तांदूळ निवडत होती. एक स्कूटर येऊन थांबली आणि तिच्यावरून महिपती उतरला. सासुरवाडीला निघाला होता, वाटेत आमचं घर लागतं म्हणून थांबला. नुसताच नाही, खिशातून पाकीट काढत, मोठ्यांदा बोलत अंगणात आला.

"साहेब, तुम्ही त्या दिवशी रागाने निघून गेलात, वाटा राहिला तुमचा. दोनशे पस्तीस. एवढी बोली तुम्ही चढवली आणि तुम्हालाच वाटा नाही, हे बरं दिसत नाही. वीस वर्षं भिशी चालवतोय, पण तुमच्यासारखा जिद्दीचा माणूस बघितला नाही."

मी महिपतीला डोळ्याने खुणावलं, भुवईने खुणावलं. त्याने पैसे माझ्या हातावर ठेवले, आवडीला नमस्कार केला, कौलांचं कौतुक केलं आणि स्कूटरला किक मारून गेला.

आवडीने सूप खाली ठेवलं. माझ्या हातातल्या नोटा उचलल्या, मोजल्या. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "तुमचे दोनशे पस्तीस. माज्या नंबरचे दोनशे पस्तीस येसूबाईनं दिलेत. चार हजार सातशातनं ते गेले. राहिले चार हजार दोनशे तीस."

"हो," मी म्हणालो. गणित बरोबर होतं. मला कागद लागला असता.

"मग वही काढा. शाळेच्या वहीत तुमची पाच पैशांची चूक नसते म्हणता. हे कुठल्या खात्यावर टाकायचं, तेवढं लिवा माज्यासमोर."

मी वही आणली. किराण्यात बसेना. औषधपाण्यात बसेना. शिक्षणात घालावं असं एकदा मनात आलं, पण तिच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. शेवटी एक नवीन खातं उघडलं, त्यावर "प्रवासखर्च" लिहिलं आणि पुढे तपशील भरला:

पोलादपूर ते महाड, जाऊन-येऊन. रुपये चार हजार दोनशे तीस फक्त.